खानदेशचा पिंगळा आणि मांडवीची चिठ्ठी

पायात वहाणा आहेत ना, ते आधी बघा. खाली कुसळं आहेत, आणि वाट अशी नाहीच. गवतातून बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या जातात, तेवढीच. साल १८८३ धरा, महिना मार्गशीर्ष. उजव्या हाताला सातपुडा धुक्यात निळसर दिसतो आहे, डाव्या अंगाला काही कोसांवर तापी आहे. खानदेश हा अजून एकच जिल्हा आहे आणि त्याचा कारभार धुळ्याहून चालतो. तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी रेल्वे यायला अजून सोळा-सतरा वर्षं आहेत. धुळ्याहून शहाद्यापर्यंत तुम्ही बैलगाडीनं आलात, आणि वाटेत ज्यानं त्यानं हेच सांगितलं, की डोंगराखाली पावसाळ्यानंतर लगेच मुक्काम करू नका, हिवताप धरतो.

तुम्ही शहाद्याचे असाल तर गोंधळून जाल. ऊस कुठे? केळी, पपई कुठे? ज्या सपाटीवर तुमच्या ओळखीची शेतं असायला हवीत तिथे साग आहे, सालई आहे, धावडा आहे, मधूनच मोठी मोकळी गवताळ जागा आणि तिच्या कडेनं पळसाची रांग. डोंगरावरचं जंगल इथे खाली उतरून नदीच्या दिशेनं पसरलं आहे. या सपाटीवर भिल्लांचे पाडे आहेत आणि रात्री वाघाची भीती आहे. ही जमीन पुढच्या शंभर वर्षांत नांगराखाली जाणार आहे. आज मात्र ती उभी आहे, आणि तिच्यातून चालताना तुम्हाला झाडांच्या मधून आकाश दिसतं. घनदाट अंधारं रान नव्हे हे. मोकळं, उन्हाचं रान आहे.

आता नजर थोडी वर घ्या. पानं गळून गेलेल्या त्या झाडाच्या शेंड्यावर, कोवळ्या उन्हात, कुणीतरी बसलं आहे.

सकाळचे आठ वाजून गेले आहेत. घुबडांनी या वेळेला ढोलीत शिरलेलं असावं, असं तुम्ही लहानपणापासून ऐकलं आहे. हा मात्र उघड्यावर, छाती उन्हाकडे करून, निवांत बसला आहे. आकारानं गावच्या पिंगळ्याएवढाच. पण नीट बघा. गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची बारीक नक्षी असते, ती इथे जवळजवळ नाही. छातीवर सलग तपकिरी रंग, त्याखाली स्वच्छ पांढरं पोट. पंखांवर आणि शेपटीवर ठळक, रुंद पट्टे. चोच अंगाच्या मानानं मोठी, आणि पाय चांगले जाड, पांढऱ्या पिसांनी भरलेले. खालच्या गवतात काहीतरी हललं तशी त्यानं शेपूट डावी-उजवीकडे झटकली आणि सरळ खाली झेप घेतली. वर आला तेव्हा नखांत सापसुरळी होती. भर दिवसा.

बंदुकीचा आवाज होईल, कान झाका.

जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्याचा सनदी अधिकारी. खानदेशात नेमणूक. महसुलाचं काम करायचं, तंबू घेऊन फिरतीवर जायचं, आणि उरलेल्या वेळात पक्षी. त्यानं पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची एक कच्ची यादीही छापली आहे. शहादा, तळोदा आणि नंदुरबारच्या या पट्ट्यात १८८० ते १८८४ या काळात त्यानं हे पिंगळे मिळवले. मिळवले म्हणजे मारले. त्या काळी पक्षी ओळखण्याची रीतच तशी होती: आधी गोळी, मग नाव. तंबूत जाऊन बघा. टेबलावर आर्सेनिकचा साबण आहे, कापूस आहे, सुई-दोरा आहे. पोटावर एक चीर देऊन कातडं सोलतात, आतून साबण चोळतात, कापूस भरतात, शिवतात. शेवटी पायाला दोऱ्यानं कागदाची एक चिठ्ठी बांधतात: जागा, तारीख, नर की मादी, कुणी मिळवला.

तुम्हाला राग येतो. यायलाच हवा. पण त्या चिठ्ठीकडे लक्ष ठेवा. मेलेल्या पक्ष्याचा सात-बारा तो तेवढाच. आणि डेव्हिडसनच्या हाताची कापूस भरायची जी लकब आहे तीही डोळ्यांत साठवून घ्या. पुढे एका चोरीच्या तपासात ती साक्ष देणार आहे.

हा पिंगळा, म्हणजे आजचा वनपिंगळा, विज्ञानाच्या दप्तरात आला तो इथून नव्हे. त्यासाठी अकरा वर्षं मागे आणि शेकडो मैल पूर्वेला जावं लागेल. डिसेंबर १८७२, फुलझरचा उंच भाग, बसना गावाजवळ. आजच्या हिशेबानं छत्तीसगडचा महासमुंद जिल्हा. एफ. आर. ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्यानं तिथे एक पक्षी मारून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे पाठवला आणि ह्यूमनं १८७३ मध्ये ब्लुइटच्या नावानं त्याचं बारसं केलं. व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला १८७७ मध्ये ओडिशाच्या खरियार भागात आणखी एक मिळाला. पूर्वेची गोष्ट इथे संपते. फुलझरला फार वेळ थांबू नका, तिथे पुढे कुणालाच काही सापडणार नाही.

ह्यूमकडे मात्र जरा बसा. सिमल्यात, रॉथनी कॅसल नावाच्या त्याच्या घरी. साल १८८५. हाच तो ह्यूम, जो या वर्षाच्या अखेरीस मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरवणार आहे. आत्ता त्याच्या घरात लाकडाचा वास भरून राहिला आहे, कारण पेट्या बनताहेत. भारतातल्या पक्ष्यांवरचा महाग्रंथ लिहायला त्यानं वर्षानुवर्षं जमवलेली हस्तलिखितं त्याच्या गैरहजेरीत चोरीला गेली आणि बाजारात रद्दी म्हणून विकली गेली. सिमल्याच्या बाजारात त्या कागदांत काय काय बांधून गेलं असेल, देव जाणे! माणसाचं मनच उडालं. आपला सगळा संग्रह तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकतो आहे. तिथून रिचर्ड बाउडलर शार्प नावाचे गृहस्थ मुद्दाम आले आहेत. देवदाराच्या ४७ पेट्या, खिळे न मारता जोडलेल्या, म्हणजे पक्ष्यांना इजा होणार नाही. एकेक पेटी जवळजवळ अर्ध्या टनाची. त्या बैलगाड्यांवर चढून कालक्याला उतरतील आणि तिथून मुंबईच्या बंदरात. साठ हजारांहून जास्त पक्ष्यांची कातडी. फुलझरचा तो पहिला पिंगळाही त्यात आहे.

डेव्हिडसनचे काही पिंगळेही यथावकाश लंडनलाच पोहोचले. पेटीत कापसाचे डोळे करून उताणे निजले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या जातीचे जेमतेम सात नमुने. आणि १८८४ नंतर जंगलातून एकही खात्रीची नोंद नाही.

एक अपवाद सोडून. त्या अपवादासाठी तुम्हाला ऑक्टोबर १९१४ मध्ये, गुजरातेत, तापीकाठच्या मांडवी गावी उतरायचं आहे. पावसाळा नुकताच सरला आहे, नदीचं पाणी अजून गढूळ. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी या गावाजवळ एक पिंगळा मारतो, असं एक चिठ्ठी सांगते. तेव्हा घाटावर थांबा. बाजारात फिरा. गोरा साहेब आला होता का, विचारा.

कुणी आलेलं नाही.

महायुद्ध सुरू झालं आहे. हा अधिकारी हिंदुस्थानी फौजेबरोबर पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर आहे. पुढच्याच महिन्यात तो आजच्या टांझानियातल्या टांगाच्या लढाईत असेल, आणि ती लढाई इंग्रज सपशेल हरतील. मांडवीच्या पिंगळ्याचं मूळ मांडवीत नाहीच. ते लंडनला, म्युझियमच्या पक्षिदालनात आहे.

तिथे चला, पण एक गोष्ट सांगून ठेवतो. या प्रवासाची एक खोड आहे: जे कुणीच पाहिलं नाही ते तुम्हालाही दिसत नाही. पिंगळा पेटीतून कोणत्या दिवशी उचलला गेला, कोटाच्या खिशातून गेला की पिशवीतून, हे दिसणार नाही. दिसेल ते इतकंच, की परवानगीशिवाय नमुने बाहेर नेल्याबद्दल या गृहस्थांना काही काळ पक्षिदालनाची दारं बंद केली गेली होती. नंतर ती पुन्हा उघडली. मोठा माणूस, युद्धातल्या पराक्रमाच्या कथा, उंचापुरा बांधा, बोलणं गोड. सालिम अलींबरोबर १९३७ मध्ये अफगाणिस्तानात पक्षी शोधायला गेलेला. १९५४ मध्ये त्यानं आपला वीसेक हजार पक्ष्यांचा संग्रह उदारपणे त्याच म्युझियमला दान केला. त्यातले कित्येक पक्षी मुळात त्याच म्युझियमचे होते. चोरलेली वस्तू देणगी म्हणून परत करायची आणि वर आभाराचं पत्र घ्यायचं, याला धाडस म्हणायचं की विकार? माझ्या मते दोन्ही. पण मला जास्त खुपते ती चोरी नाही. पक्षी गेला, पक्षी परत आला; हिशेब लागला असता. खुपतं ते हे, की परत येताना त्याच्या पायाला खोटी जागा आणि खोटी तारीख बांधलेली होती.

त्या दोन ओळींनी काय केलं, ते बघायला १९७०च्या दशकात या.

आता हा पिंगळा दंतकथा झाला आहे. पुस्तकांत चित्र आहे, पण जिवंत पाहिलेला माणूस पृथ्वीवर नाही. डिलन रिप्ली आणि सालिम अली, म्हणजे भारतीय पक्ष्यांच्या दहा खंडी संदर्भग्रंथाचे दोघे कर्ते, त्याच्या शोधात आहेत. रिप्ली तेव्हा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. सालिम अलींची ऐंशी जवळ आली आहे. साधनं आहेत, ओळखी आहेत, चिकाटीला तर तोड नाही. आणि हातात धागा कोणता? सगळ्यांत ताजी म्हणून जी नोंद, ती मांडवीची, १९१४ची. तुम्ही बाजूलाच उभे आहात. तुम्ही खानदेशातली ती सकाळ पाहून आला आहात. सांगावंसं वाटतं, की अहो, पूर्वेला चला, सरळ रेषेत फक्त सव्वाशेक किलोमीटर! नदी हीच धरा, वर वर जा, शहादा लागेल. तोंड उघडता, पण आवाज फुटत नाही.

पक्षी सापडला नाही. आणि सापडला नाही म्हटल्यावर हळूहळू लोक म्हणू लागले की तो आता नसावाच.

गंमत अशी, की खोटं बोलणाऱ्याला पक्ष्यांतलं उत्तम कळत होतं. त्यानं निवडलेली जागा अगदीच अशक्य नव्हती. तापीचंच खोरं, तसलंच रान. पुढे कित्येक वर्षांनी दक्षिण गुजरातेत, डांगच्या पूर्णा अभयारण्यात, हे पिंगळे खरोखर दिसले. म्हणजे थाप अर्धीमुर्धी खरी ठरायच्या बेतात होती. चांगली थाप अशीच असते.

आता १९९०ची वर्षं, इंग्लंडातलं ट्रिंग गाव. लंडनच्या म्युझियमचा पक्षिसंग्रह इथे हलवला आहे. बाहेर पाऊस, आत पांढऱ्या दिव्याखाली लांब खण. पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ एकेक खण ओढते आहे. दक्षिण आशियाच्या पक्ष्यांचं मोठं मार्गदर्शक पुस्तक रिप्लींनी हाती घेतलं होतं, त्यांची प्रकृती ढासळल्यावर ते हिच्याकडे आलं. पुस्तकात वनपिंगळा घालायचा तर त्याचं वर्णन हवं, वर्णन हवं तर नमुने बघायला हवेत. बरोबर नायजेल कॉलर आहेत. धोक्यात आलेल्या पक्ष्यांचा त्यांचा अभ्यास. माइनर्ट्झहागेनच्या इतर नमुन्यांबद्दल शंका आधीच निघाल्या होत्या, त्यामुळे मांडवीच्या चिठ्ठीवर दोघांचा विश्वास नाही.

वाकून बघा त्यांच्या खांद्यावरून. मांडवीचा म्हणून जो पिंगळा आहे तो उसवून पुन्हा भरलेला आहे. नवा कापूस, नवी शिवण. पण सगळं जुनं काम पुसता आलेलं नाही. कातडं तयार करण्याच्या काही खुणा शिल्लक राहिल्या आहेत आणि त्या शहाद्याच्या तंबूत पाहिल्या तशाच आहेत. डेव्हिडसनचा हात! कापूस भरायची ती लकब शंभर वर्षांनी उभी राहून म्हणते आहे की हा पक्षी खानदेशचा. मांडवीची नोंद रद्द. १९१४ साल रद्द. शेवटची खरी नोंद १८८४.

हा शोधनिबंध १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात छापून आला. पण तोवर त्याहून मोठी गोष्ट घडून गेली होती. रासमुसेनच्या हाती दोन गोष्टी लागल्या होत्या. एक, कुठे शोधायचं नाही. दुसरी, काय शोधायचं. खणातले खरे पक्षी ओळीनं मांडून गावच्या पिंगळ्याशी ताडून पाहिल्यावर पुस्तकांतली जुनी वर्णनं किती मोघम होती ते कळलं. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती सलग तपकिरी, पट्टे रुंद, पाय जाड. तंबूत तुमचा राग ज्यांच्यासाठी उसळला होता, त्या मेलेल्या पक्ष्यांनीच जिवंत पक्ष्याची खूण सांगितली. मला हे पचायला अवघड जातं. पण ते खोटं म्हणता येत नाही.

२५ नोव्हेंबर १९९७. पुन्हा शहादा.

पोशाख बदलला असेल तुमचा. रस्ता डांबरी आहे, एसटीच्या लाल गाड्या धावताहेत, ट्रॅक्टरमागे उसाच्या मोळ्या. पाटीवर जिल्हा धुळे लिहिलेलं. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून सात महिने आहेत. सपाटीवर झाड म्हणाल तर बांधावरचं. ज्या जागेवरून तुम्ही सागाच्या मधून आकाश पाहिलं होतं तिथून आता सगळं आकाशच दिसतं. त्यामुळे उत्तरेला डोंगराकडे वळावं लागतं, पायथ्याशी आणि उतारावर जे रान शिल्लक आहे त्याच्याकडे.

तिघं जण आहेत: रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. आधी त्यांनी पूर्वेकडच्या जुन्या जागा पालथ्या घातल्या, काही मिळालं नाही. मग डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवर विसंबून इकडे आले. सकाळचे साडेआठ. एका निष्पर्ण झाडाकडे बघून किंगनं हलक्या आवाजात लक्ष वेधलं. तिथे, उन्हात, एक पिंगळा.

तुम्ही हा क्षण आधी पाहिलेला आहे, त्यामुळे तुम्हाला आश्चर्य वाटत नाही. पण रासमुसेनकडे बघा. ११३ वर्षांचं ओझं आहे त्या नजरेवर. दुर्बीण उचलावी तर पक्षी उडेल, न उचलावी तर खात्री कशी होणार? ठिपके आहेत की नाहीत? नाहीत. छाती? सलग. पाय? जाड, पांढरे. कॅमेरा चालू होतो, चित्रीकरण होतं. पक्ष्याला घाई नाही. तो आपला ऊन खात बसतो.

पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या भिल्लाला कुणी विचारलं असतं तर काय म्हणाला असता, हे मला नेहमी वाटत राहतं. जंगलात लाकूड-मोहा गोळा करणाऱ्याला सकाळी उन्हात बसलेलं घुबड दिसत नसेल असं कसं होईल? 'हरवला' हा शब्द शेवटी कुणाच्या तरी वहीतला असतो.

१९९८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तळोदा-तोरणमाळच्या रानात बसून या पक्ष्याचं रोजचं जगणं लिहून काढलं. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, टोळ हा आहार. झाडांच्या जुन्या ढोल्यांत घरटं. एक विचित्र नोंदही त्यात आहे, पालकानं आपलंच पिल्लू खाल्ल्याची. मग मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातले खंडवा-बुऱ्हाणपूरचे डोंगर, अशा जागा वाढत गेल्या. पुण्याच्या प्राची मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं त्यातलं काम मोठं. २०१४ मध्ये तर मुंबईच्या तोंडाशी, तानसा अभयारण्यात तो दिसला. ज्या तलावाचं पाणी मुंबई पिते, तोच तानसा.

पण तळोद्याला थोडं थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९९०च्या त्याच दशकात सरदार सरोवराच्या पाण्याखाली नर्मदाकाठची अक्राणी-अक्कलकुव्याची गावं चालली होती, आणि तिथल्या आदिवासींना वसवायला तळोद्याचं ४,००० हेक्टरांहून अधिक वनक्षेत्र मोकळं केलं गेलं. तुम्ही आत्ता त्या नव्या वसाहतीच्या कडेला उभे आहात. एका बाजूला तोडलेल्या सागाचे बुंधे, दुसऱ्या बाजूला पत्र्याचं घर आणि दारात बसलेली एक आजी, जिचं गाव धरणात गेलं. तिला सांगा बघू, की आजी, इथे एक दुर्मीळ पिंगळा राहत होता. सांगवत नाही ना? धरण तिनं मागितलं नव्हतं. विजेचे दिवे आणि कालव्याचं पाणी दुसऱ्यांकडे गेलं, आणि किंमत मोजताना एक आदिवासी बाई आणि एक पाखरू यांना समोरासमोर उभं करण्यात आलं. वनसंवर्धनाच्या सभांमधून 'अतिक्रमण' हा शब्द फार सहज निघतो, तेव्हा मला हे अंगण आठवतं.

आणि तरी पक्ष्याची गरजही तुम्ही स्वतः पाहिली आहे. त्याला काळोखं जंगल नको असतं. खाली शिकारीपुरती मोकळी जमीन हवी, वर ढोल्या असलेली जुनी झाडं हवीत. रानाच्या कडेला, शेताशेजारीही तो बसतो. म्हणजे माणसांच्या शेजारी राहणं त्याला जमू शकतं, जुनं झाड उभं ठेवलं तर. घात होतो तो ढोलीचं म्हातारं झाड 'वाळलं' म्हणून जळणाला गेल्यावर, वणवा दरसाल लागल्यावर, आणि उंदरांच्या औषधानं मेलेला उंदीर पोटात गेल्यावर. त्यात दिवाळीच्या सुमाराला घुबडांवर संक्रांत येते. लक्ष्मीचं वाहन म्हणून एकीकडे पूजा, आणि त्याच लक्ष्मीसाठी मंत्रतंत्रात त्याचा बळी. आंतरराष्ट्रीय यादीत २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त'मध्ये आणलं. वाढला म्हणून नव्हे, जास्त जागी सापडला म्हणून. प्रौढ पक्षी २५० ते ९९९, असा अंदाज आहे. एवढ्यांना एसटीच्या वीस गाड्या पुरतील.

शेवटचा मुक्काम आजचा. मेळघाट, थंडीतली सकाळ, वनरक्षक पुढे आणि तुम्ही मागे. हे कोरकूंचं रान. सागाची पानं पायाखाली करकरताहेत. तुमच्या गळ्यात कॅमेरा आहे, खिशात फोन, आणि फोनमध्ये वनपिंगळ्याची हाक. कुणीतरी पाठवलेली. वाजवली की नर आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून तावातावानं समोर येतो, आणि फोटो हमखास मिळतो. विणीच्या दिवसांत असं रोज पाच गट करू लागले, तर तो ढोलीकडे बघणार कधी आणि सरडा धरणार कधी?

चौकीवर नोंदवही आहे. कालची नोंद तुम्ही चोरून वाचली: तारीख, वेळ, 'वनपिंगळा १', आणि पुढे फक्त कक्ष क्रमांक. कोणतं झाड, कोणता नाला, काही नाही. तुम्ही, डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर भक्ती जडलेले, जरा नाराज होता.

"इतकंच लिहिता? नेमकी जागा नाही लिहीत?"

"लिहितो ना. ती वही साहेबांच्या कपाटात असते," वनरक्षक म्हणतो. "ही सगळ्यायच्या हाती लागते. मागच्या साली एकानं घरट्याचा फोटो टाकला, जागेसकट. आठ दिवसांत गाड्यायची रांग. खोटं काही लिहीत नाही आम्ही. पण सगळं खरं सगळ्यायले सांगाव असंही नाही."

तुमचा हात नकळत खिशाकडे गेलेला असतो. त्याच्या ते लक्षात येतं.

"आवाज वाजवायचा असन तर इथूनच परत फिरा, साहेब. नसन तर चला, ऊन वर यायच्या आत तीन किलोमीटर चालायचं आहे."